महिने नको, आठवडे मोजा : नागपूरच्या पहिलटकरणींसाठी

पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात सगळ्यात आधी बोटांची पेरं मोजली जातात. माझ्या वेळी ती सासूबाईंनी मोजली. माझी शेवटची पाळी ५ नोव्हेंबरला आली होती आणि डिसेंबरच्या सुरुवातीला चुकली. सासूबाईंचा हिशेब चुकलेल्या पाळीपासून, म्हणजे डिसेंबर पहिला, जानेवारी दुसरा, फेब्रुवारी तिसरा. "तिसरा सरायच्या आत करून घेऊ न सोनोग्राफी, काहून घाई करून राहिली?" मी ऐकलं. २० फेब्रुवारीला टेबलावर आडवी झाले, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला पंधरा आठवडे होऊन गेले. एनटी स्कॅनची वेळ टळली."

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हिशेबाने तिसरा महिना चालूच होता. पण दवाखान्याचं कॅलेंडर पाळीच्या पहिल्या दिवसापासून आणि आठवड्यांत चालतं, आणि बहुतेक तपासण्यांची खिडकी दोन-चार आठवडेच उघडी असते. मग एनटीऐवजी बाळातल्या दोषांचा अंदाज देणारी, रक्ताची क्वाड्रुपल मार्कर चाचणी माझी केली. ती ठीक आली, पण अहवाल येईपर्यंतच्या रात्री अजून आठवतात. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते सगळं आठवड्यांच्या भाषेत.

आधी तारीख काढा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या. त्यात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. माझं उदाहरण : ५ नोव्हेंबर, सात दिवस मिळवून १२, नऊ महिने पुढे, १२ ऑगस्ट. हे झाले २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. गंमत अशी की यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो; पण तो नेमका कधी राहिला हे कोणालाच कळत नाही आणि पाळीची तारीख तेवढी पक्की सांगता येते, म्हणून जगभर हाच हिशेब.

हा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या नियमित पाळीसाठी आहे. पाळी पुढे-मागे होत असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सांगेल ती तारीख खरी धरायची. एकदा डॉक्टरांनी ती ठरवली की बदलायची नाही. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून येते आणि घरात धांदल उडते, "तारीख पुढे गेली!" तारीख जात नाही कुठे. ते यंत्र त्या दिवशीच्या बाळाच्या मापावरून अंदाज काढत असतं. तसंही नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. तारखेच्या आगेमागे दोन आठवडे मोकळे ठेवा.

कॅलेंडरवर (आमच्याकडे दूध-पेपरचा हिशेब असतो त्याच कॅलेंडरवर) त्या दिवसापासून दर आठवड्याला आकडा लिहून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते नवऱ्यालाही करता येतं.

सहा ते बारा आठवडे : फाइल उघडा

खात्रीसाठीची पट्टी सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. आशाताईंकडे निश्चय किट मोफत असतं. त्यानंतर कुठे नाव घालायचं ते ठरवा. सरकारी मार्ग हवा असेल तर आधी वस्तीतलं नागरी आरोग्य केंद्र. मोठ्या कामाला गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, किंवा मिहानमधलं एम्स. मातृसेवा संघ तर कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेला, कितीतरी नागपूरकरांच्या आज्या तिथे बाळंत झाल्या. खासगी दवाखाना असला तरी आशाताईंकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्याच. पुढे योजनेचे पैसे आणि बाळाच्या लसी या कार्डावर चालतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तीही लक्षात ठेवा.

तुम्ही नाव घालायला जाता तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या हृदयाची धडधड सोनोग्राफीत दिसू लागते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती नळीही त्याच सुमारास बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असताना. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक अॅसिड लागतं, आणि म्हणूनच ही गोळी मूल हवं असं ठरवल्यापासून घ्यायची असते. नसेल घेतली तर आज सुरू करा, उगाच जीव जाळू नका. आठव्या आठवड्यात बाळ दीड सेंटीमीटरचं असतं. बाराव्याला ते आपल्या संत्र्याच्या एका फोडीएवढं होतं, लांबीला आणि वजनालाही जवळपास तेवढंच, आणि त्याला हात-पाय-बोटं सगळं असतं.

आईच्या अंगात या काळात वरून काही दिसत नाही, पण हालत सगळ्यात वाईट. मळमळ, कोरड्या उलट्या, दुपारी डोळे मिटणारा थकवा, सारखी लघवी. अंथरुणातून उठायच्या आधीच मूठभर मुरमुरे किंवा फुटाणे खा, पोट रिकामं ठेवू नका, फोडणीच्या वासापासून लांब राहा. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पूर्ण घडून काम हातात घेते तसा बारा-चौदा आठवड्यांनंतर बहुतेकींचा त्रास उतरतो. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गर्द पिवळी आणि थोडीच होत असेल, तर "पहिलटकरणीला होतेच असं" म्हणून घरी बसू नका. सलाइन लागतं.

पहिल्या भेटीत रक्त-लघवी जाईल : हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ बी. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. साधारण २८ व्या आठवड्याला एक इंजेक्शन लागतं, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरं.

सिकलसेल : ही तपासणी विसरू नका

हा भाग पुण्या-मुंबईच्या लेखांत एका ओळीत उरकतात. विदर्भात तो एका ओळीचा नाही. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून मुलाला येणारा रक्ताचा आजार. त्याचं प्रमाण आपल्याकडे बरंच आहे, आणि वाहक असलेल्या माणसाला आयुष्यभर काहीही त्रास नसल्याने ते कळतच नाही. अहवालात एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. तुम्ही एएस निघालात तर घाबरायचं कारण नाही, पण त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त तपासा. तो एए, म्हणजे वाहकही नसेल, तर बाळाला हा आजार होणार नाही, फार तर ते वाहक होईल. तोही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात, नव्याने, बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. "पहिलं चांगलं निघालं म्हणजे दुसरंही निघेल" असं यात नसतं. थॅलेसेमियाचा हिशेबही असाच चालतो, आणि एकाला सिकलसेल तर दुसऱ्याला थॅलेसेमियाचा वाहकपणा असेल तरी बाळाला धोका असतो. म्हणून नवऱ्याची नुसती प्राथमिक चाचणी न करता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या) करून घ्या.

इथे पुन्हा आठवडे आले. बाळाला आजार आहे का हे वारेचा तुकडा घेऊन ११ ते १३ आठवड्यांत कळतं. गर्भजलातून साधारण सोळाव्या आठवड्यापासून. नवऱ्याची तपासणी पाचव्या महिन्यात केली तर विचार करायलाच वेळ उरत नाही. घरातल्या पुरुषांना सुई टोचून घ्यायला राजी करणं हेच पुष्कळदा अवघड काम असतं. "मले काय झालं?" याला उत्तर एकच, तुम्हाला काहीच झालेलं नाही, म्हणूनच तपासायचं आहे. आणि आई स्वतः एसएस असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच, आणि लोहाच्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

अकरा ते चौदा आठवडे : एनटी स्कॅन

माझी हुकलेली सोनोग्राफी ती हीच. ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात, सोबत रक्तही घेतात, त्यावरून डाउन सिंड्रोमसारख्या दोषांचा धोका किती याचा अंदाज येतो. अंदाजच. धोका जास्त आला म्हणजे दोष आहेच असं नाही, पुढच्या चाचणीने खात्री करतात.

आधार कार्डाची झेरॉक्स न्या. १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म भरावा लागतो आणि मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा आहे. पोटाचा आकार, गोड-आंबट डोहाळे, चेहऱ्याचं तेज यांवरून बांधलेले अंदाज मात्र कायद्यात बसतात, कारण ते निम्म्या वेळा चुकतात.

चौदा ते अठ्ठावीस : बरे दिवस

मळमळ गेली, पोट अजून अडचणीचं नाही. हे दिवस चांगले. धनुर्वाताच्या लसीचे, म्हणजे टीडीचे, दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्या. लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. कॅल्शियम दिवसातून दोनदा. जंताची एक गोळी.

लोहाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण गोळ्यांची पाकिटं घरात पडून राहतात आणि नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ निघतं. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं, पण त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, म्हणून रक्त पातळ पडतं. ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजायचं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, एक दुसरीला शोषू देत नाही. चहासोबत तर मुळीच नको. चहाच्या आधी-नंतर तासभर सोडा. लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्रं खाऊन घेतली तर जास्त अंगी लागते, आणि नागपुरात संत्र्याला तोटा नाही. शौच काळी होते, ते चालायचंच. बद्धकोष्ठ किंवा मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, बंद करू नका. आणि खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर त्याला डोहाळे म्हणून हसू नका, डॉक्टरांना सांगा. लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते.

जेवणात वेगळं काही करायचं नाही. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या, जवसाची चटणी, फल्लीदाणे-गूळ, अंडी-मटण खात असाल तर तेही, नीट शिजवून. सावजी आणि तर्री पोहे यांना मनाई नाही, पण सातव्या महिन्यानंतर छातीत जळजळ सुरू झाली की आपोआप सुटतात. पिकलेली पपई चालते, कच्ची नको. केशराने बाळ गोरं होत नाही. दोन जिवांसाठी दुप्पट जेवायचंही नसतं. वजन एकूण दहा-बारा किलो वाढलं की पुरे.

खर्रा मात्र बंद. पानठेल्यावरून नवरा आणतो आणि चिमूटभर बायकोही घेते, हे आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, दवाखान्यात विचारलं तरी "नाही" म्हणतात. गुडाखू, मिश्री, सगळं त्यातच आलं. तंबाखूने बाळ कमी वजनाचं होतं, वेळेआधी होतं. डॉक्टरांना खरं सांगा, त्या रागावल्या तरी चालेल.

अठरा ते वीस आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी, म्हणजे अॅनोमली स्कॅन. हृदयाचे कप्पे, कणा, किडनी, ओठ, सगळं एकेक बघतात. ही तपासणी विसाव्याच्या आत व्हावी, कारण काही गंभीर निघालं तर निर्णयाला वेळ हाताशी असतो. बाळ आता साधारण तीनशे ग्रॅमचं. याच सुमारास पहिल्यांदा हालचाल कळते. मला गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कळली आणि मी तिला गॅसेस समजले. आत मासोळी उलटल्यासारखं, किंवा बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं. पहिलटकरणीला वीस-एकवीस आठवडेही लागतात.

चोवीस ते अठ्ठावीसमध्ये साखरेची तपासणी. पहिल्या भेटीत नॉर्मल आली होती, तरी पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. आधी आहार आणि चालणं, मग लागलंच तर औषध.

उन्हाळ्याचा मुक्काम

माझा अठ्ठाविसावा आठवडा २० मेला लागला आणि त्या आठवड्यातच नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पोटात एक वेगळी शेगडी. एका दुपारी पोट दगडासारखं कडक होऊन राहिलं, दहा-दहा मिनिटांनी. दवाखान्यात गेले तर अंगात पाणी कमी. सलाइन चढलं आणि थांबलं. पाणी कमी पडलं की गर्भाशय असं आवळून येतं, लघवीचा जंतुसंसर्गही उन्हाळ्यातच फार. म्हणून अकरा ते पाच घराबाहेर पडू नका, तपासणीची वेळ सकाळची घ्या. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखर, आंबील. तहान लागायची वाट पाहायची नाही. लघवीचा रंग फिका राहिला पाहिजे एवढीच खूण. कूलरची टाकी दर आठवड्याला कोरडी करून घासा, डेंगूचे डास तिथेच वाढतात. पोट आवळणं तासभर आराम आणि पाणी घेऊनही थांबलं नाही, तर जा. बाळ ३७ आठवड्यांच्या आत येण्याची चिन्हं असतील तर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत त्याच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात, आणि ते जितकं वेळेवर तितकं उपयोगी.

अठ्ठावीसनंतर

बाळ आता किलोभराचं. डोळे उघडतं, आवाजाला दचकतं. तुम्हाला पाठदुखी, पायांत गोळे, रात्री झोप नाही. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. डोहाळजेवण बहुतेक घरी सातव्यात होतं, करा हौसेने, फक्त तासन्‌तास पाटावर बसवू नका म्हणावं.

रोज एका ठरलेल्या वेळी, जेवण झाल्यावर, कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. दोन तासांत दहा तरी व्हाव्यात. कमी झाल्या तर थंड पाणी पिऊन पुन्हा मोजा, आणि तरी कमी तर त्याच दिवशी दवाखाना. "शेवटी शेवटी बाळ शांत होतेच" हे खरं नाही.

पुढचं काही झालं तर वेळ, वार, अमावस्या काही बघू नका : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, पोटाच्या वरच्या भागात जोराचं दुखणं, ताप, झटका. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी आईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजलाच पाहिजे. मोजला नाही तर स्वतः मागा.

छत्तिसाव्यापर्यंत बहुतेक बाळं डोकं खाली करतात. पायाळू बाळाला म्हणे जमिनीतलं पाणी कळतं. ते मोठेपणी बघू, आत्ता डॉक्टरांशी सिझेरियनचं बोलून ठेवा. पिशवी भरा : फाइल, कार्ड, आधार, बँक पासबुक, जुन्या सुती कपड्यांचे धुतलेले तुकडे, टोपरं, पॅड, दोन गाऊन. रक्त द्यायला तयार असलेल्या दोन माणसांचे नंबर. जायचा रस्ताही ठरवा. माझी तारीख पोळ्याच्या आगेमागे होती आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीतून गाडी काढणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. १०२ ला फोन केला तर गरोदर बाईसाठी गाडी मोफत येते, तातडीला १०८. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण, सगळं मोफत आहे; कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

कळा

खोट्या कळा येतात-जातात, चाललं की थांबतात. खऱ्या कळा पाठीतून सुरू होऊन पुढे येतात, वाढत जातात, अंतर कमी होत जातं. दर पाच मिनिटांनी, एकेक मिनिटाची, असं तासभर चाललं की निघा. पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहता निघा. पाणी हिरवट असेल तर लगेच. पहिलटकरणीला बारा ते अठरा तासही लागतात. गर्भाशयाचं तोंड १० सेंटीमीटर उघडेपर्यंत जोर करायचा नसतो, बाजूची बाई कितीही "कर न माय जोर" म्हणाली तरी. बाळ बाहेर आल्यावर वार पडायला अर्धा तास.

बाळाला लगेच छातीवर घ्या आणि पहिल्या तासात पाजा. पिवळसर चीक फेकायचा नाही. मध, गुटी, गाईचं दूध काही चाटवायचं नाही, आत्याबाई रुसल्या तरी. चोवीस तासांत बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बीची लस. जन्माची नोंद २१ दिवसांत. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक देऊ नका; तो धूर बाळंतिणीलाही वाईट, बाळालाही.

सहा आठवड्यांनी स्वतःची तपासणी, आणि त्याच दिवशी बाळाच्या पुढच्या लसी. त्या नंतर दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. कॅलेंडर उतरवू नका, आकडे आता बाळाच्या नावाने पुन्हा एकपासून लिहा.